धवलारनीची गाडी

गाडीच्या बाबतीत मला कोनी शिकवू नये. शिकवायला आलेले तिघं मास्तर अर्ध्यातनंच पळाले, चौथ्यानं फी परत केली, आनि लायसन हातात पडलं त्या दिवशी माझ्या बायकोनं, मंदानं, देवापुढं नारळ फोडला तो आनंदानं का धास्तीनं, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाय.

त्याला पंधरा वर्षं झाली. गाडीलाही तेवढीच झाली. ह्या एप्रिलच्या शेवटाला तिचं पासिंग संपत होतं. पुढं चालवायची तर आधी सगळी नीट करायची, मग आरटीओच्या सायबापुढं उभी करायची, तो बघनार, ठोकनार, आनि बोलला चालेल तर चालेल. मानसांचं असं पासिंग ठेवलं असतं तर मी कवाच भंगारात गेलो असतो. गुडघा वाजतो, एका डोळ्यात मोतीबिंदू हाय, सकाळी पयल्या फटक्यात चालू होत नाय. पन मला कोनी उभा करून ठोकत नाय. मंदा सोडून.

आनि हे सगळं आलं ते नेमकं लगीनसराईत.

एप्रिल अर्धा सरला की आमचं गाव पिवळं होतं. गाव म्हंजे आता सानपाड्याच्या अंगाला उरलेल्या चार गल्ल्या, भोवती टॉवर, मधे आमी. पन त्या चार गल्ल्यांत एका वेळी तीन-तीन मांडव. मांडवाच्या नव्या कापडाचा वास. मटनाच्या वाटनाचा वास. ओली हळद, अबोलीचे गजरे, आनि ओहोटी लागली की खाडीकडनं येनारा चिखलाचा वास. टॉवरवाले त्या वासाला खिडक्या लावून घेतात, आमी उघडतो. कुठंतरी बायका घोळक्यानं बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत असतात. लांबनं ऐकलं तर टाळ्या वाजवल्यासारखं वाटतं. लहानपनी मी त्या गल्लीतनं मुद्दाम जायचो. मला वाटायचं, मला बघूनच वाजवतात.

ह्या वर्षी हा सगळा वास नाकात शिरला तेव्हा मी रज्जाकभाईच्या गॅरेजात बोनेट उघडून उभा होतो. रज्जाकभाई मूळचा श्रीवर्धनकडचा, आमच्या गाडीचा डॉक्टर. फार बोलत नाय. इंजिनात बॅटरी मारतो, कान लावतो, बोट ओलं करून वास घेतो. त्या दिवशी त्यानं बराच वेळ वास घेतला.

"म्हात्रे, गाडी पानी पिते."

"उन्हाळा हाय, आपन पन पितो."

"आपन तोंडानं पितो. ही डोक्यातनं पिते. गॅस्केट गेलंय. डोकं उतरवायला लागेल."

मग त्यानं एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायला घेतलं. गॅस्केट, क्लच, पुढच्या चाकांचं खालचं सामान, आनि तळाचा पत्रा, जो खाडीच्या हवेनं पापडासारखा झाला होता. मला शब्द वाचता येत नायत, आकडे येतात. हेच माझं वाईट. जे वाचायला नको तेवढंच वाचता येतं. खालचा आकडा पन्नास हजाराच्या पुढं होता, पासिंगचा आनि टॅक्सचा खर्च वेगळा.

"आनि विकली तर?"

"विकली तर घेनार कोन? भंगारवाला ह्याच्या अर्धं पन देनार नाय," तो बोलला. मग पुठ्ठा माझ्या हातात देत बोलला, "ऐका माझं. खांदेश्वरला एक रिटायर सर हायत, त्यांची गाडी निघालीय. सात वर्षांची, एकाच मालकाच्या हातची. थोडं लोन काढा, ती घ्या. हिच्यावर एवढा पैसा टाकनं म्हंजे वेडेपना."

"घरी विचारून सांगतो."

"घरी काय विचारायचं? गाडी तुमची, डोकं तुमचं."

डोक्याचंच गॅस्केट गेलंय, हे मी त्याला नाय बोललो. त्याला ते आधीच ठाऊक असावं.

ही गाडी घेतली ते वरीस सांगतो. आमच्या जमिनीच्या बदल्यात जो प्लॉट मिळाला, त्याचा हिस्सा तेव्हा हातात आला. भावांनी त्यातनं घरावर मजले चढवले. मी गाडी घेतली. मजल्यांना आता भाडं येतं. मी पालिकेत वॉल्वमन. सकाळी जायचं, लोखंडी चावी फिरवायची, सेक्टरला पानी सोडायचं, दोन तासांनी परत फिरवायची. एका बाजूला फिरवली की चालू, दुसऱ्या बाजूला बंद, नोकरीत एवढंच शिकलो आनि त्यातही दोनदा उलटी फिरवली. अशा मानसाला गाडी कशाला पायजे, असं सगळ्यांनी विचारलं. आयनं नाय विचारलं. आयला कामाला येनार होती.

माझी आय धवलारीन. बाहेरच्या लोकांना हे सांगायला लागतं. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात आधीपास्नं मान धवलारनीचा. धवले म्हंजे लग्नाची गानी, पन नुसती गानी नाय. उंबराची फांदी मांडवात आनली की तिचा धवला, जातं मांडलं की त्याचा, हळद दळली की तिचा. धवलारीन बसनार, गानार, आनि तिच्या गान्यातनं लगीन पुढं सरकनार. ती गात गात देवांना बोलावते, गावच्या विहिरीला बोलावते, त्या घरातल्या गेलेल्या मानसांना नाव घेऊन बोलावते. कागद नाय, वही नाय, सगळं तोंडपाठ. मी चौथीत तीनदा बसलो तरी मला बाराचा पाढा आला नाय, आनि ही दोन-दोन दिवस गात बसायची. तिच्या डोक्यातलं तिनं माझ्याकडं काय पाठवलं नाय. नाक तेवढं पाठवलं.

त्या वर्षीच्या सराईत मी सुट्टी टाकून आयला घेऊन फिरलो. आय आनि तिच्या जोडीची सोनूबाय, दोघी मागं. धवला एकटीनं होत नाय. एक पुढं म्हनते, दुसरी मागनं धरते. आयची ओळ संपायच्या आत सोनूबाय शेपूट पकडायची आनि तेवढ्यात आय श्वास घ्यायची. गाडी नवी, म्हनून शीटांचं प्लॅस्टिक मी काढलं नव्हतं. मे महिना, गरम प्लॅस्टिक. मांडवापुढं उतरताना दोघी शीटपास्नं सुटायच्या त्याचा चर्रर्र असा आवाज व्हायचा, जुनं पोस्टर भिंतीवरनं काढल्यावर येतो तसा. सोनूबाय दर टायमाला बोलायची, "माझा निम्मा आंग तुज्या गारीतंच रायला रं बाला." आयच्या पदराला खडीसाखर आनि मिरी बांधलेली. गजऱ्याचा वास, तोंडातल्या मिऱ्याचा वास, प्लॅस्टिकचा वास. हे तिन्ही एकत्र मला परत कुठं मिळालेले नायत. मी शोधलंय. एकदा दुकानात नवी गादी घ्यायला गेलो, तिच्यावरच्या प्लॅस्टिकला नाक लावून उभा होतो. दुकानदारानं विचारलं, काका, बरं वाटत नाय का?

पाम बीच रोडनं जायचो. खाडीच्या चिखलात ते गुलाबी पक्षी हजारानं उभे. आयनं काचेतनं बघितलं आनि बोलली, "यांच्यात कोनाचा लगीन हाय गं?" सोनूबाय बोलली, "कोनाचा का असंना, आपल्याला सुपारी नाय आयली." मग दोघी हसल्या आनि हसता हसता आयनं धवला उचलला. घरात ती कधी उगाच गायची नाय. गाडीत गायची. मांडवात काय कधी म्हनायचं ते सगळं ती वाटेत घोळून घ्यायची, पयल्यापासून. मला त्यातलं निम्मं कळायचं नाय, पन धवला संपायच्या आत गाव यायला नको म्हनून मी तिसऱ्या गियरच्या वर जायचो नाय. मागनं ट्रक हॉर्न मारायचे. मारनाऱ्यांना वाटायचं ह्याला चालवता येत नाय. तेही खरं होतं.

मांडवात माझी ओळख अशी कोनी करून द्यायचं नाय. धवलारीन उतरली की बायका तिला हाताला धरून आत न्यायच्या, आनि मला कोनीतरी बोलायचं, "डायवर, गाडी तिकडं लाव." एका ठिकानी मला बॅन्डवाल्यांच्या पंगतीत बसवलं. मी बसलो. त्यांना दोन तुकडे जास्त वाढत होते. निघताना घरच्या म्हाताऱ्यानं माझ्या हातात पाकीट ठेवलं, "घे, डायवरचा." मी घेतलं. आयला गाडीत सांगितलं तर ती बोलली, "सांगाचं ना, मी तिचा पोर हाय म्हनून." मी बोललो, सांगितलं असतं तर पाकीट परत द्यायला लागलं असतं.

आनि एकदा मी काय केलं ते गावात अजून सांगतात. पनवेलच्या पल्याड एका गावात हळद होती. म्हात्र्यांच्या घरी. मी कोनाला वाट विचारत नाय, हा माझा तेव्हाचा बाना. वेशीतनं आत गेलो, पयला मांडव दिसला, वर फलक, त्यावरचा "म्हात्रे" तेवढा मला ओळखू येतो कारन तो माझ्या स्वतःच्या नावाचा. गाडी लावली, दोघींना उतरवलं, बायका आल्या, आत घेऊन गेल्या. आयनं घरच्या मानसांची नावं विचारून घेतली, बसली, सुरू केलं. मी भाकरी-मटनावर हात मारला. तिसरी भाकरी संपताना एक मानूस पळत आला. "धवलारीन इथं कशी? आमी तिकडं तासभर वाट बघतोय!" त्या एका गावात म्हात्र्यांची चाळीस घरं आनि त्या दिवशी त्यातल्या दोघांकडं हळद. ज्या घरात आय गात होती, त्यांनी धवलारीन सांगितलीच नव्हती. त्यांना वाटलं, मामाकडच्यांनी पाठवली असंल.

आता सगळे आयकडं बघायला लागले. आय गायची थांबली नाय. हातानं फक्त थांबा असं सांगितलं. त्या घरातल्या गेलेल्या मानसांची नावं तिनं घेतली होती, त्यांना बोलावलं होतं. बोलावलेल्यांना अर्ध्यात सोडून जायचं नसतं. तिनं पुरं केलं, मग उठली, मग चालत दुसऱ्या मांडवात गेली आनि तिथं पयल्यापासून सुरू केलं. चुकलेल्या घरच्या म्हातारीनं तिला साडी दिली आनि तिचे पाय धरून रडली. आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव कोनी घेईल असं तिला वाटलं नव्हतं. मी दुसऱ्या मांडवात परत जेवलो. वाटेत आय मला काय बोलनार म्हनून मी आरशात बघत होतो.

परतताना ती कधीच बोलायची नाय. आवाज बसलेला असायचा, उद्यासाठी राखायचा असायचा. दोघी मागं टेकून बसायच्या, काचा उघड्या, तोंडावर वारा. जाताना गानं, येताना गप्प. तेव्हा मला वाटायचं, जाताना मजा हाय. आता आठवतं ते येतानाचं. आरशात दोन डोकी, एक झोपलेलं, एक जागं, आनि गाडीत कोनीच काय मागत नाय, काय विचारत नाय.

मग डीजे आला. धवला पाच मिन्टात आटपा, आजी, असं लोक बोलायला लागले. आय पाच मिन्टांचं कसं गानार, तिचा पयला देवच पाच मिन्टांनी येतो. बोलावनी कमी झाली. तिचे गुडघे गेले. सोनूबाय गेली. गाडी मग आमची दवाखान्याची, बाजारहाटाची झाली, डिकीत माझी वॉल्वची चावी आनि सुक्या बोंबलाची पिशवी. एसी कधीचा गेला, मागची डावी काच उतरत नाय, उतरली तर चढत नाय. प्लॅस्टिक फाटलं, मंदानं फेकून दिलं. मी एक तुकडा ठेवला होता, तोही तिनं फेकला. बोलली, ह्याचं काय लोनचं घालायचंय?

ह्या वर्षी गुढीपाडव्यानंतर सोनूबायची नात घरी आली. प्रतीक्षा. वाशीला ऑफिसात जाते, कानात ते बिनवायरचं लावते. आयच्या पायाशी बसली.

"आजी, माझ्या हळदीला धवले पायजेत. सगळे. पयल्यापासून."

आय आता ऐंशीची. ओट्यावर करंदी, बारकी कोळंबी, सोलत होती. "डीजे कवा लावनार तुमी?"

"डीजे नाय लावनार."

"पोराकरचे आयकतील?"

"आयकायलाच लागेल त्यांना," ती बोलली, आनि तेवढंच बोलून सोनूबायसारखी हसली.

आय करंदी सोलत राहिली. ती पोर निघून गेल्यावर मला बोलली, "दुकानातशी खडीसाखर आन."

तेव्हापास्नं सकाळी मी वॉल्व खोलायला निघतो तेव्हा आतनं तिचं गुनगुननं ऐकू येतं. आवाज तोच नाय. पानी कमी दाबानं येतं तसा येतो, मधेच हवा सुटते. पन ओळी त्याच. आनि प्रत्येक ओळीच्या शेवटाला ती थांबते. मला पयल्यांदा वाटलं, विसरली. मग कळलं. ती सोनूबायची जागा सोडते. तिथं सोनूबाय शेपूट धरायची. आय तिथं श्वास घेते, वाट बघितल्यासारखी, मग एकटीच पुढची ओळ उचलते. मी भिंतीला हात लावून उभा राहायचो. सेक्टरचं पानी रोज पाच-दहा मिन्टं उशिरा जायला लागलं. एक दिवस मला राहवलं नाय. बाप्ये धवले गात नायत, पन ती शेपटाची ओळ मला गाडी चालवून चालवून पाठ झालेली. मी बाहेरनं हळूच धरली.

आतनं आवाज आला, "कोन मेला रं तो?"

मी वॉल्व खोलायला गेलो.

पन माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं. आय आता दुसरं लगीन करनार नाय. हे एकच. तर एकदा, फक्त एकदा, ती मागं बसली पायजे, जाताना गायली पायजे, येताना गप्प बसली पायजे, आनि मी तिसऱ्या गियरात. हे नव्या गाडीत होनार नाय. हे रज्जाकभाईच्या पुठ्ठ्यावर लिहून मिळत नाय, आनि घरी बोलायला गेलो तर मंदा हसली असती. म्हनून बोललो, चल, खांदेश्वरची गाडी बघून तरी येऊ.

रिटायर सरांची गाडी खरंच चांगली. आतनं दवाखान्यासारखी स्वच्छ. सर बोलले, "चालवून बघा." मी मागचं दार उघडून मागं जाऊन बसलो.

"अहो, पुढं बसा ना, चालवून बघा."

"नाय, मला मागं बघायचंय."

"मागं काय बघायचंय?"

काय सांगनार? मी शीटवर हात फिरवला, नाक पुढं करून वास घेतला. कसलाच वास नव्हता. आरशात बघितलं तर माझंच तोंड. सरांनी मंदाकडं बघितलं, ह्यांना गाडी घ्यायचीय का झोपायचंय, अशा नजरेनं. मंदा पुढं बसली होती. सरांनी एसी लावून दिला तशी तिनं डोळे मिटले, पदर बाजूला केला, मान मागं टाकली.

"चला, निघू," मी बोललो.

"बसू द्या जरा," ती बोलली. डोळे नाय उघडले.

रिक्षातनं येताना तिनं मला ऐकवलं, "आय मागं बसून गायची ते तुमाला आठवतं. मी पुढं बसून पंधरा वर्षं घाम पुसला, तो कोन आठवनार?"

मंदाचं बरोबर होतं. रज्जाकभाईचं बरोबर होतं. बरोबर नव्हता तो मी एकटाच, आनि पैसे माझ्या खात्यातनं जानार होते, म्हनून मी जिंकलो.

"काढा डोकं," मी रज्जाकभाईला बोललो.

त्यानं हात पुसले. "म्हात्रे, मी गाडीचा मिस्त्री हाय. तुमचा इलाज माझ्याकडं नाय."

मग कशासाठी ते मी त्याला सांगितलं. सगळं. प्लॅस्टिक पन सांगितलं. तो ऐकत पाना फिरवत राहिला. मग बोलला, "आमची आई श्रीवर्धनास्नं एष्टीनं यायची. दर टायमाला बोलायची, इतक्या गाड्या नीट करतोस, एकीत मला बसव. मी बोलायचो, गिऱ्हाइकाच्या गाडीत कसं बसवनार." एसीचे पैसे माझ्याकडं उरले नव्हते, तेव्हा एसी तसाच ठेवला, पन मागची डावी काच त्यानं फुकट नीट करून दिली. बोलला, आजींना वारा लागू दे.

गाडी बारा दिवस गॅरेजात होती. दारापुढं तिच्या जागेवर तेलाचा काळा डाग, आनि रोज तिच्या खाली झोपनारी मांजर त्या डागाभोवती फिरायची, ओरडायची, माझ्याकडं बघायची. मी तिला सांगायचो, येनार हाय, येनार हाय. मंदा बोलली, तिला तरी खरं सांगा. गल्लीत रोज कोनाची तरी हळद. संध्याकाळी बॅन्ड जायचा, पोरं नाचायची, आनि मी डागाशेजारी खुर्ची टाकून बसायचो, ज्या गाडीत मला कोनी कधी गानं म्हनायला सांगितलं नाय, त्या गाडीची वाट बघत. मानसाला काय पायजे असतं ते त्यालाच कळत नाय. मला पुढं जायचं नव्हतं. मला त्या रस्त्यावरनं परत यायचं होतं, काचा उघड्या ठेवून, आरशात दोन डोकी. एक डोकं आता येनार नव्हतं. एक तरी.

पासिंगला मी स्वतः गेलो. सायबानं लाइट बघितल्या, हॉर्न वाजवायला सांगितला, खाली वाकून बघितलं. मी पन त्याच्या शेजारी वाकलो, मला काय दिसतंय ते बघायला. तो बोलला, "तुमी कशाला वाकताय?" पाच वर्षं वाढवून मिळाली. गाडीला.

हळदीच्या दोन दिवस आधी दुपारी मी ती दारात आनून लावली. फडक्यानं पुसली, आरशाला गजरा बांधला, मागच्या शीटवर नवी चादर अंथरली, डावी काच तीनदा खालीवर केली. मंदा दारात उभी राहून बघत होती. तिनं काय टोमना मारला नाय, तेव्हाच मला समजायला पायजे होतं. आय ओट्यावर बसली होती, सुपात तांदूळ घेऊन.

"आये, झाली गारी नीट," मी बोललो. "परवा सोनूबायच्या नातीच्या हळदीला आपन हिच्यातनंच जायचं. तू मागं बस. मी हळू चालवतो."

आयनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "मना न्यावाला त्या पोरीचा भाव येनार हाय. मी सांगलाय त्याला. थंडी गारी हाय त्यांची, घाम नाय येत. मंदाला पन नेनार हाव मी, तिनं शेपूट धराला शिकलाय माझ्याशी."

मी मंदाकडं बघितलं. तिनं मांजरीकडं बघितलं.

"आनि ही?" मी बोललो. "एवढा खर्च केला तुज्यासाठी. त्या सराईत आपन हिच्यातनं किती फिरलो, आये. तू गायचीस. आठवत नाय का तुला?"

"आठवतं त," आय बोलली आनि सूप पाखडायला घेतलं. "तवा दुसरी गारी नवती. तू ये मागशी, जेवाला."